ह्यांचा लॉजचा गुरुवार

११ नोव्हेंबर १९७१, गुरुवार
हे गेल्यानंतरचा पहिला लॉजचा गुरुवार. महिन्याचा दुसरा. सकाळी सवयीने ह्यांचा काळा कोट गॅलरीत वाऱ्यावर टांगला आणि तिथेच उभी राहिले. नंदा कॉलेजातून आल्यावर म्हणाली, "आई, आत घे ना तो. बघवत नाही." घेतला.

लग्नापासून हा एक दिवस माझा नव्हताच. फ्रीमेसन म्हणे! पुरुषांचीच बंधुसंघटना, सभा बंद दाराआड. इतर बायकांना सवती असतात, मला लॉज. सवतीचं तोंड तरी बघायला मिळतं.

१४ नोव्हें., रवि.
घोषबाबू आले होते. लॉजचे सध्याचे प्रमुख, ह्यांचे जुने स्नेही, ह्यांना दादा आणि मला बौदी म्हणजे वहिनी म्हणणारे. फळं आणली. डिसेंबरच्या सभेत ह्यांच्यासाठी शोकविधी करणार. साहेबांच्या काळापासूनची रीत : गेलेल्या सभासदाचं नाव तीनदा पुकारायचं, उत्तर येत नाही, मग सगळे उभे राहतात.

म्हटलं, मी येईन. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बौदी, जेवणाला जरूर या. वर सभेत मात्र… बायकांना नाही चालत."
"नाव माझ्या नवऱ्याचं पुकारणार आणि मी खाली कटलेट खात बसू?"
बिचारे! विचारतो म्हणाले.

१९ नोव्हें.
नंदा : "इतका जोर का करतेस? बाबांनाच आवडलं नसतं."
नसेल. पण मला ती खोली एकदा बघायचीय. नंदाला टायफॉइड होता तेव्हासुद्धा हे गेले होते. मी रागाने कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. असल्या गोष्टी घरी सांगायच्या नसतात म्हणे. अर्धा संसार अबोल्यात गेला असं आता वाटतं, आणि भांडायला माणूस नाही.

२८ नोव्हें., रवि.
घो.बाबूंबरोबर सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत गेले. लॉजतर्फे ब्लँकेटं आणि दुधाची पावडर. एका म्हातारीने विचारलं, ते मराठी दादा आले नाहीत? घो.बाबूंनी सांगितलं. तिने मला जवळ ओढलं, आणि मी चिखलात उभी राहून ढसाढसा रडले. घरी एवढी रडले नव्हते.

पूर्वी ह्यांचा लॉजतर्फे फुकट दवाखाना, विधवांच्या मुलांच्या शाळेच्या फिया. राग यावा तर हे असलं काहीतरी करून ठेवलेलं. धड रागावताही येत नाही.

६ डिसें.
लढाई. फोर्ट विल्यमच्या बाजूने लष्कराचे ट्रक चाललेत. काचांना काळा कागद लावला. वाकडाच लागला, हे असते तर दोनदा काढून लावला असता. सभा पुढे ढकलली.

९ जाने. १९७२, रवि.
घो.बाबू. लॉजने मान्य केलं. सभा चालू असताना मी आणि नंदा दाराबाहेर थांबायचं, तिसऱ्यांदा पुकारायच्या वेळी आत घेतील. "आजवर असं झालं नाही, बौदी."
फोटोसमोर जाऊन सांगितलं, येतेय बरं का मी.

१३ जाने., गुरु.
एस्प्लनेडपर्यंत ट्राम, पुढे चालत. घो.बाबूंनी वर नेलं. जिन्याच्या वर बंद दार, शेजारी एक लाकडी खुर्ची, भिंतीवर तलवार. खुर्ची कोणाची म्हणून सहज विचारलं.
"दादांची."
मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सभा चालते तेव्हा एकाने दाराबाहेर पहारा करायचा असतो. तो आत जात नाही. साहेब लोक गेल्यावर त्या कामाला कोणी मिळेना, तेव्हा ह्यांनी ते मागून घेतलं. किती वर्षं तेच. आज त्यांच्या मानाखातर जागा रिकामी ठेवलीय.
"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ते आत गेले. दार लागलं. मी त्या खुर्चीत बसले, नंदा पायरीवर. आतलं बोलणं पुटपुटल्यासारखं येतं, शब्द कळत नाहीत. समोर भिंत. ज्या खोलीचा मी जन्मभर हेवा केला त्या खोलीत हे नव्हतेच. ते इथे एकटे, मी घरी पानावर एकटी. एकदा सांगायचं होतं. मी डबा घेऊन आले असते, त्या पायरीवर बसले असते. कोण अडवणार होतं?

आतून नाव आलं. शांतता. पुन्हा आलं. मग दार उघडून घो.बाबू म्हणाले, "आइए बौदी." नंदा उठली. माझ्याने उठवेना. तिला म्हटलं, तू जा.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दार उघडंच होतं. आत सगळे वळून बाहेर, माझ्याकडे बघत होते. नंदाही. माझ्या तोंडून "ओ" गेला.

उत्तर आलं होतं. आता उभं राहायचं का, ते त्यांना कळेना.