एक नंबर मोठे बूट

प्रिय चिमणे,

तुझे डोंगरवाटेचे बूट एकदाचे घेतले. गेल्या महिन्यात तुला कागदावर उभी करून मी दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली, तेव्हा "काका, हे काय नवीन खूळ?" म्हणून हसलीस. गुदगुल्या होऊन एक कागद फाडलास तो वेगळाच. तोच चिकटवून मी पाच दुकानं पालथी घातली.

शाळेतल्या कवितांमुळे माझी समजूत अशी, की डोंगर निळे असतात आणि त्यांच्यावरून कुणी घसरत नाही. आता मात्र बुटांवर परीक्षा द्यायला तयार आहे. ते संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरानं पाय जरा फुगलेले असतात. जाड मोजे घालून बघावेत. आणि चढ नव्हे, उतार बघावा. बोटं पुढे आदळता कामा नयेत, टाच उचलता कामा नये. तुझी जोडी गेल्या वर्षीच्या रंगाची म्हणून स्वस्त पडली, पण तळवा अस्सल आहे, खोल खाचांचा. त्या शेवटच्या दुकानात लाकडी उतरण होती. तिथल्या विक्रेतीचं पाऊल तुझ्या कागदाशी तंतोतंत जुळलं, म्हणून तिलाच बूट घालून सात वेळा उतरायला लावलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, बूट पसंत करताय की सून?" सगळं दुकान हसलं, मीही हसलो. ती आठव्यांदा उतरली आणि मला माझ्या मागून दुसरीच पावलं ऐकू आली. सैल बुटांची, टाच आपटत येणारी. मी वळून पाहिलं नाही. तीस वर्षं ती पावलं येतात, भर दुपारी जिन्यात, बाजारात. मी वळत नाही.

तुझा बाबा आणि मी लहानपणी जिना उतरताना कविता म्हणायचो, एका पायरीला एक शब्द. मी शब्दांत रमून पायरी चुकायचो. तो कधीच नाही. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा तो मित्रांबरोबर डोंगरावर निघाला. माझी कचेरी बाजाराला लागून, म्हणून बूट आणायचं काम माझ्याकडे. त्याला आठ नंबर लागायचा. आठची जोडी महाग होती. नऊची एकच उरलेली, निम्म्या किमतीत. मी नऊची घेतली. आत दोन-दोन सुकतळे घातले आणि म्हटलं, जाड मोजे घाल, बसतील. तो घरभर चालला. टाच आपटत होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "झकास, दादा!"

तुझ्या हातून पेला निसटला की आई म्हणते, बापासारखीच धांदरट. घरात सगळे हेच म्हणत आले, की त्यानं पाय नीट टाकला नाही म्हणून दरीत गेला. मीही मान डोलावत आलो. आता तू त्याच डोंगरावर निघालीस, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होऊन, आणि परवा फोनवर म्हणालीस, "मी बाबासारखा वेंधळेपणा नाही करणार." म्हणून हे पत्र. त्याच्या मित्रानं मला तेव्हाच सांगितलं होतं: उतरताना टाच सारखी निघत होती, म्हणून तो दोनदा खाली बसला, नाडी आवळली, सगळ्यांच्या मागून सावकाश येत होता. मित्रानं त्याचा एक बूट आणून माझ्या हातात दिला. तो मी कुणाला दाखवला नाही. वेगळ्या पिशवीत सोबत पाठवतोय. पायातून निघाला, तरी नाडी बांधलेलीच आहे, दुहेरी गाठ मारून. ती सोडू नकोस. तशीच आईपुढे ठेव. मग माझ्याकडे यायचं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा.

तू म्हणशील तोवर तुझाच,
काका