हलता कोपरा

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आमच्या वयाला जितकं ठीक असायचं तितकं. फोन असताना बाबाला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुझ्या मनात येणारच. ते शेवटी सांगतो. एका बोटाने टाइप करतोय. कितीही वेळ कळ दाबली तरी अक्षर एकदाच उमटावं, अशी सोय तू करून गेलीस म्हणून बरं, नाहीतर 'प्रिय'मधल्या 'प'नेच पान भरलं असतं. शेजारच्या खोलीत तुझी आई बसली आहे आणि इकडे संगणकावर तू पाठवलेल्या खेळाच्या त्रिकोणातला चेंडू सूर वाजवत फिरतोय. तो मी मुद्दाम चालू ठेवलाय. तिला वाटतंय मी खेळतोय.

महिनाअखेर डॉक्टरांना हो किंवा नाही कळवायचं आहे. डोक्यात बारीक तारा घालायच्या, छातीत बॅटरी बसवायची आणि मला जागं ठेवून हात थांबतोय का ते बघायचं. ते म्हणाले, थरथर बहुतेक जाईल. पण या कंपवाताने माझा आवाज आधीच बसत चाललाय, तो आणखी जड होण्याची शक्यता बरीच आहे; इतका, की बोललेलं समोरच्याला कळणारही नाही. तुझं म्हणणं मला पाठ झालंय: बाबा, हात परत मिळतोय, घाबरू नका. तुझ्या आईचंही तेच. आवाज तसाही तुमचा काही गाण्याचा नाही, म्हणाली, आणि माळ्यावरचे माझे जुने ब्रश काढून घासायला बसली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला हात परत मिळणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल, असं तुम्हा दोघींना वाटतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

तर तुझा त्रिकोण. हाताला चाळा म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माऊस धरायला सांगितला होता, त्यात तू तुझ्या गणिताच्या कामातलं हे खेळणं पाठवलंस. कोपरा धरायचा, ओढायचा, आणि आतला चेंडू भिंतींवर आपटत कसा फिरतो ते बघायचं. फिरून फिरून तो निघाला त्याच जागी, त्याच दिशेने परत आला, तर वाट पुरी झाली आणि ती हिरवी होते. नाही आला, तर राखाडी रेघांचं जाळं वाढत जातं. आईसाठी म्हणून तू तीन भिंतींना तीन सूर दिलेस, खालचा, मधला आणि वरचा, हे फार चांगलं केलंस. काचबिंदूने तिला आता खिडकीपाशी नुसता उजेड कळतो, त्याच्यापुढे काही नाही. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमर घालवलेली बाई. तिचे कान अजून नोकरीवर आहेत. एकाचा व्यायाम असा दोघांचा झाला. मी ओढतो, ती ऐकते.

पाटीवाल्याला काटकोनाचं वेड असायचंच. मी आकडे टाकून बरोब्बर नव्वद अंशाचा कोन केला. लगेच हिरवी वाट आली, सुबक, एखाद्या सोनाराच्या पाटीवर काढावी अशी. कौतुकाने कोपऱ्याला हात लावला आणि माझी थरथर त्या कोपऱ्यात उतरली. वाट गेली. परत आकडे टाकले, परत आली. परत हात लावला, परत गेली. मी हाताला जे जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्या रविवारी फोनवर तू सांगितलंस, की काटकोनी त्रिकोणातल्या सगळ्याच वाटा अशा नाजूक असतात, कोन केसभर हलला तरी तुटतात, त्यात हाताचा दोष नाही. तू ते गणित म्हणून सांगितलंस, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग लघुकोनाकडे गेलो. तिथे तीन टप्प्यांची साधी वाट आहे, कितीही हलवा, ती काही जागची जात नाही. पण तीन सुरांना आई लगेच वैतागली. घड्याळच ऐकायचं तर भिंतीवरचं काय वाईट आहे, म्हणाली. म्हणून एक कोपरा ओढत ओढत विशालकोनात शिरलो. तिथे नुसतं रान. ओढावं तिकडे राखाडी जाळं. बरेच दिवस असे गेले आणि एका दुपारी हिरवी रेघ आली. लांबलचक वाट, कितीतरी टप्पे. माझा हात त्या दिवशी फार वाईट होता. वाळत घातलेल्या धोतरासारखी ती वाट हलत होती, ताणत होती, आखडत होती, आणि आता तुटेल मग तुटेल म्हणून मी श्वास धरून बसलो होतो. आईला दिसत नव्हतं, तरी तिलाच आधी कळलं. सुरांमधलं अंतर कमी-जास्त होत होतं, पण कुठल्या सुरामागून कुठला, हा क्रम तिने ऐकून ऐकून पाठ केला होता आणि तो बदलत नव्हता. "हे तुमच्या हाताने तुटत नाही," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, अहो बाबा, त्याला स्थिर वाट म्हणतात, ती केव्हाचीच माहीत आहे. म्हणजे आमच्या शोधाचा पोपट झाला. पण मी पुढे विचारलं, प्रत्येक विशालकोनी त्रिकोणात अशी एक तरी पुरी होणारी वाट असतेच का? तू म्हणालीस, कुणालाच माहीत नाही. आहे असंही कुणी सिद्ध केलेलं नाही आणि नाही असंही. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, मग शोधायला हरकत नाही. तेव्हापासून रोज शोधतो.

आता आमचा बाकीचा दिवस सांगतो, म्हणजे पुढचं तुला कळेल. सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. आधी निधनवार्ता, हा तिचा हुकूम. अर्ध्या गावाचे फोन तिने जोडून दिलेत, तेव्हा कोण गेलं ते तिला कळायलाच हवं. मग औषधांची नावं. मग खिडकीत उभा राहून मी तिला रस्ता सांगतो. कुणी दुकान उघडलं, कुणाची सायकल पंक्चर आहे, समोरच्या शिंप्याने मशीनवर छापून आणलेली पाटी लावली आहे आणि तिच्यावरची अक्षरं कशी जत्रेत चेंगरल्यासारखी उभी आहेत. ती खळखळून हसते. हल्ली माझा आवाज पोचत नाही, म्हणून तिने तिची खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला चिकटवली आहे.

माझं उत्तर नाही असं आहे, भिंगरे. भीती म्हणून नाही. रेघ सरळ येत नाही, याचं दुःख मला आहे आणि ते मरेपर्यंत राहील, खोटं कशाला बोलू? पण हाताचं निभावतं. आवाज गेला तर तुझ्या आईचा पेपर गेला, रस्ता गेला, मी गेलो. मी शेजारच्या खुर्चीत असेन आणि तिला फक्त श्वास ऐकू येईल. हे तिला कळलं तर ती मला ऑपरेशनला ढकलत नेईल आणि वर म्हणेल, माझ्यापायी तुमचा हात गेला. ते ओझं मला तिच्या माथ्यावर नको. म्हणून मी घरात सांगणार आहे, की मला भीती वाटते. तूही तिला तेच सांग. बाबा भित्रा निघाला म्हण, रागाव, फोनवर दोन शब्द सुनाव, म्हणजे तिला पटेल. मेल केली असती, पण आपला संगणक आलीगेली प्रत्येक मेल तिला मोठ्याने वाचून दाखवतो. फोनवर बोलावं, तर भिंतींना कान असतात म्हणतात. आपल्या घरात भिंतींची गरजच नाही. राहिला कागद. तो तेवढा तिला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र.

एवढ्यावर सही करणार होतो, पण घडलेलं लिहायलाच हवं. वरची ओळ टाइप करतोय तोच आतून आईने विचारलं, कोपऱ्यावर हात नाहीये ना तुमचा? माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोपरा माझ्या हातात असला की सूर थरथरत वाजतात, आणि आज ते इतका वेळ नुसते एकसारखे वाजत होते. चोर पकडला गेला. म्हटलं, लेकीला लिहितोय, ऑपरेशन नको म्हणून. भीती वाटते मला. भिंत चाचपत ती दारात आली. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत तिच्याशी खोटं बोलायची सवय झालेली नाही. मग तिने माझा हात शोधला, उचलून माऊसवर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात ठेवला. "धरा तो कोपरा," म्हणाली. "असं एकसारखं वाजलं, की घरात कुणी नाही असं वाटतं."

तुझाच,
बाबा