भिंतीपलीकडचा डीजे

४ जानेवारी २००४, रविवार

कळविण्यास अत्यंत दुःख होते की आज सकाळी आमच्या फडताळातील निळ्या काठाच्या बशीने देह ठेवला. सहा बहिणींतली ती शेवटची. भिंत हादरू लागली तशी फळीवरून सरकत सरकत निघाली आणि ऐन चहाच्या वेळी खाली आली. सौ. म्हणाली, "बशीचं काय घेऊन बसलात, पेल्यात प्या." पेल्यात प्यायलो. राग गिळायलाही पेलाच सोयीचा.

भिंतीपलीकडे दादा. सख्खा, सहा वर्षांनी मोठा. अंबडच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये जन्म काढला, व्हीआरएस घेतली, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी डीजे झालाय. दोन सीडी प्लेअर, मधे मिक्सर. वहिनी म्हणतात, "चटणीचा मिक्सर दुरुस्त करा म्हणून वर्षभर सांगतेय, तर हे दुसराच घेऊन आले."

७ जाने., बुध.

२६ जानेवारीला संध्याकाळी सोसायटीचं संमेलन. दादाने शब्द दिलाय: एक अखंड मिक्स. आमच्या तरुणपणची नाचाची गाणी आणि यंदाची नवी, मधे कुठेही न थांबता. म्हातारे उठले की ते बसायच्या आत पोरं यायला हवीत. "एका सतरंजीवर दोन पिढ्या नाचवतो बघ." याला आम्ही संस्कृतवाले संधी म्हणतो, तिथे निदान नियम असतात. इथे जुनं गाणं डौलात चाललेलं असतं आणि नवं त्यात शिरतं ते पायरी चुकल्यासारखं. धडपडतं. पुन्हा पहिल्यापासून. काल संध्याकाळभर तोच एक सांधा. शाळा सांभाळून ज्या दैनिकाला बातम्या देतो, त्याला पाणीकपातीची बातमी पाठवायची होती. दोन ओळींवरच अडकली.

११ जाने., रवि.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटपाशी गाठलं. "सर, तुमच्या बंधूंना जरा समजवा ना. आवाज किती तो. आणि नवीन गाण्यांचा ताल लागत नाही हो त्यांना. पोरं हसतात." मी म्हणालो, तुमच्या मुलाच्या मुंजीत दादाने हौसेने वाजवलं तेव्हा ताल लागत होता वाटतं. पण त्यांचंच खरं होतं, याचा राग जास्त.

तडक दादाकडे. तो पाठमोरा बसलेला, गाणी बंद. दादा, म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग ओरडलो. मान हलली नाही. वहिनी हात पुसत आल्या, मला अंगणात नेलं. "भावजी, रागावू नका. ह्यांना ऐकू येत नाही." कुकरची शिट्टी नाही, दाराची बेल नाही. ट्रक गेलेला तेवढा कळतो.

कधीपासून?

"कंपनीत होते तेव्हापासूनच कमी होत गेलं. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो पेपरात छापेल."

छापेल म्हणे.

१३ जाने., मंगळ.

शाळेतून अर्धी रजा. दादाला कानाच्या डॉक्टरकडे नेला, म्हणजे ओढला. द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षातून उतरून पळायच्या बेतात होता. तपासणी झाली. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, जाड तेवढे उरलेत. प्रेसच्या दणक्याने. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही उतरत जाणार. यंत्र लावा, मदत होईल, पण पहिल्यासारखं नाही. दादा आलेखाकडे बघून म्हणाला, "आमच्या कंपनीच्या शेवटच्या वर्षांसारखा दिसतो." डॉक्टर हसले. मी नाही.

परतताना रिक्षात भांडलो. इतकी वर्षं बोलला का नाहीस?

"तिथं सगळेच तसले. कोण कुणाला सांगणार? हातवारे करून बोलायचो. कानात बोळे घातले की म्हणायचे, आले नाजूक राजे."

हेही हसत. मला त्याच्या हसण्याचाच इतका संताप आला की घर येईपर्यंत बाहेर बघत बसलो.

१६ जाने., शुक्र.

समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून विचारलं, मग गाणी कशी ऐकतोस?

"जुनी येतात ऐकू."

"ती कशी येतात?"

"पाठ आहेत म्हणून. ठोका अंगाला लागला की बाकीचं आतून येतं. व्हायोलिनं, बाईचा आवाज, सगळं. नव्याचा नुसता ठोका लागतो. वर काय चाललंय ते कळत नाही. म्हणून सांधा चुकतो."

"आणि मी? मला तर नीट उत्तरं देतोस."

"तुझं काय, शास्त्रीबुवा. तू तोंड उघडलंस की पुढचं मला येतं. चाळीस वर्षं तेच बोलतोयस."

उठून आलो. सौ.ला सांगितलं तर म्हणते, "खोटं काय आहे त्यात?"

२० जाने., मंगळ.

संमेलनाला नाही म्हणून कळव, म्हटलं. कळवत नाही. "पुढच्या वर्षी जुनी तरी येतील का, सांग."

शेवटी मी कान झालो. नवं गाणं हेडफोनवर मी ऐकायचं आणि ठोका दादाच्या पाठीवर द्यायचा. नव्या गाण्यांविषयी माझं मत वहीत लिहिण्यासारखं नाही. काव्य शून्य. मात्रा मात्र चोख, लघु-गुरू घोटवून घेणाऱ्या हाताला चुकायला जागा नाही.

"जोरात मार. शाळेत पोरांना मारतोस तसं."

"आता मारत नाहीत."

"म्हणूनच संस्कृत गेलं."

तो अडलेला सांधा आज बसला. दादाने दोन्ही हात वर केले, आणि मी त्याच्यावर खेकसलो की लक्ष दे, पुढचा आहे.

यंत्र घ्यायचं नाव नाही. संमेलनानंतर, म्हणतो.

२७ जाने., मंगळ.

काल संमेलन. दादा टेबलामागे, मी शेजारच्या खुर्चीवर, हात त्याच्या पाठीवर. लोकांना वाटलं असेल भाऊ फार प्रेमळ. सगळे सांधे बसले. पंच्याहत्तरीचे देवकाका गुडघ्याला पट्टा बांधून नाचायला उठले आणि गाणं कधी बदललं ते त्यांना कळलंच नाही; पोरींच्या घोळक्यात तसेच नाचत राहिले. वहिनीसुद्धा उठल्या.

मग सेक्रेटरींनी माईक घेतला. "काकांची हौस झाली. पुढच्या वर्षी मात्र आपण खराखुरा डीजे आणू या, काय मंडळी?" टाळ्या. टाळ्या दादाला दिसल्या. तो उभा राहिला, चारी बाजूंना वळून त्याने हात जोडले, सेक्रेटरींपुढे तर वाकला. पुढच्या रांगेत दोघं-तिघं तोंडावर हात धरून हसत होते. त्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.

माईक घ्यायला निघालो होतो. वहिनींनी बाही धरली. "नको भावजी. तुम्ही भांडलात तर ह्यांना कळेल."

वायरी गुंडाळताना दादाने विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

"फार छान झालं म्हणाला."

"वाटलंच मला."

१ फेब्रु., रवि.

सेक्रेटरींशी बोलणं बंद. त्यांच्यावर दैनिकासाठी मजकूर लिहिला, फाडला. छापला तर दादा वाचेल. डोळे उत्तम आहेत त्याचे.

यंत्र आणलं. कपाटात आहे. म्हणतो, भांडी घासलेली डोक्यात घुसतात, माणसं मात्र तशीच पुटपुटतात. आज यावरून इतका ओरडलो की सौ. आमच्या घरातून धावत आली. दादा शांतपणे म्हणाला, "बरं, लावीन." ऐकलं, की मी काय बोलणार ते माहीत होतं म्हणून म्हणाला, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

इतके दिवस राग राग लिहितोय. सेक्रेटरींवर, त्या प्रेसवर, दादाच्या हट्टावर. खरं म्हणजे भीती वाटते. माझं रोजचं बोलणं दादाला पाठ आहे, ते त्याला पुरेल. पण तो वयाच्या विसाव्या वर्षी कारखान्यात उभा राहिला म्हणून मी कॉलेजात संस्कृत शिकू शकलो, हे मी त्याला तोंडाने कधी म्हटलेलं नाही. ते त्याला पाठ नाही. म्हणायचं तर लवकर म्हणायला हवं. आज दोनदा त्याच्याकडे गेलो आणि दोन्ही वेळा यंत्राचंच बोलून परत आलो.