मुखवट्यामागचा शुम्पेई

ओगा, ८ डिसेंबर

चि. शुम्पेईस, अ. उ. आ.

लोणच्याचे मुळे धुरावर टांगून झाले. कंबर दुखते, तोंड मात्र ठणठणीत आहे.

गावात तरणी पोरं फारशी उरली नाहीत, म्हणून देवळाचं बघणारे कुदोसान तुला विचारायला सांगून गेले. यंदा वर्षअखेरीच्या रात्री नमाहागे होशील का? पेंढ्याचा झगा, राक्षसाचा मुखवटा, आणि घरोघरी जाऊन आळशांना दम देणं. तुझ्या अंगातच आहे ते.

हे टीव्हीवाल्यांना कळलं. निशिवाकी नावाचा दिग्दर्शक चौकशीला आला. नातू काड्यांनी जेवतो का म्हणे! मी म्हटलं, मी वाढलेलं मुकाट जेवतो. मुळात कुठला? म्हटलं, बसथांब्यामागच्या सूतिकागृहातला. ते काही त्याने लिहून घेतलं नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत तू मुखवटा काढून रडावंस, अशी त्याची इच्छा आहे.

लोभ आहेच, तो राहूच दे.
आजी तोयो

टोकियो, १४ डिसेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

मी येत नाही. शाळेत ज्युदो जिंकलो तेव्हा पेपरात ‘आपला शुम्पेई’ होतो. पुढच्या वर्षी हरलो, तर ‘सेनेगली बापाचा मुलगा’. आता ‘परदेशी रक्ताने वाचवली परंपरा’ म्हणतील. जन्मलो तिथे, वाढलो तिथे, आणि पाहुणा म्हणून मिरवू?

लहानपणी तुझ्या कपाटात लपून थरथरायचो, तेव्हापासून तो मुखवटा हवा होता गं. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझा शुम्पेई

ओगा, १९ डिसेंबर

चि. शुम्पेईस, अ. उ. आ.

वेड्या, नियम विसरलास? मुखवटा देवळात चढतो, देवळातच उतरतो. मधे तो देव. त्याला नाव नाही की गाव नाही.

निशिवाकीला मी त्या रात्री आग्रहाने जेवायला बोलावलंय. घरात बसलेल्या प्रत्येकाला नमाहागेला जाब द्यावा लागतो, हे सांगायचं राहून गेलं. वय झालं आता! शुम्पेई कोणता, असं त्याने विचारलं, तर कुदोसान म्हणाले, सर्वांत उंच तो. यंदाच्या नमाहागेंत सर्वांत उंच तर ताकेदांचा पोरगा आहे. कुदोसान देवभोळे, पण खोटं बोलताना पापणी हलत नाही.

मुकाट्याने ये. उरलेले आशीर्वाद आल्यावर देईन.
आजी

टोकियो, ५ जानेवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. घसा अजून बसलेलाच आहे.

मी गरजलो, कुठला रे तू? निशिवाकी म्हणाला, टोकियोचा. मी म्हटलं, ते नाही, मुळात कुठला? आजोबा कुठले? काड्यांनी जेवतोस का? तो शेगडीमागे सरकत गेला. मग तू यजमानीण म्हणून हात जोडलेस, पोर आमचंच आहे, सुधारेल, आणि माझ्यापुढे साके ठेवलीस. झग्याआत हसून माझ्या पोटात कळ आली.

कॅमेरा मात्र ताकेदावरच होता. काल कार्यक्रम लागला. मुखवट्याआड दोन देशांची वेदना आहे म्हणे. ताकेदाला विचारलं, तर म्हणाला, बूट चावत होता.

एक सांगायचं राहिलं. शेजारची कोहारू मला पाहून किंचाळली, आईला बिलगली, भाज्या खाईन म्हणाली. आजवर लोक मला बघून नुसते थबकायचे. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर तीच धावत आली आणि कानात म्हणाली, दादा, काल तू घरी नव्हतास ते बरं झालं. एक नमाहागे फार भयंकर होता, तूसुद्धा रडला असतास.

रडलो गं, बसमध्ये.

आहे तसाच तुझा,
शुम्पेई