पाटाला माझी हरकत नाय

मखमलाबाद रोड, नाशिक
मंगळवार, ऊन चढायच्या आत

तीर्थस्वरूप वन्संना,

सायकलीच्या सीटवरून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून सरिताचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायेत? दाजींचा खोकला कमी झाला का, का अजून शेजारच्यांना उठवतात? मी बरी हाय. जरा काळी पडली, पण आधी गोरी होते असं तुम्ही कधी म्हणल्याचं आठवत नाय, म्हणून त्याचं वाईट वाटून घेतलं नाय.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. वन्सं, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुम्ही स्वतः त्याच्याहून मोठ्या स्पीकरवर असता. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हूं' म्हणते, असं आपलं तेहतीस वर्षं चाललंय. आज मला बोलायचंय. आमच्या शेजारचा दिनेश टेंपो घेऊन पिंपळगावच्या मार्केटला येतो, त्याच्याकडं हे पाकीट देते. त्यानं फोडलं नाय ना, ते आधी बघून घ्या.

विषय असा की येत्या रविवारी सकाळी तुमच्या दारात एक जीप उभी राहील. सात-आठ माणसं उतरतील. पुढं भागीबाई नावाची एक ठसठशीत बाई असंल, हातात आंब्याची पेटी. ही माणसं मला मागणी घालायला येतायत. हो, मलाच. चष्मा पुसा आणि परत वाचा. तुमच्या भावाची बायको, वय छप्पन, एका नातवाची आजी, डाव्या दाढा दोन कमी. त्यांना काय सांगायचं ते तुमच्या तोंडावर हाय, आणि माझा आख्खा उन्हाळा त्या तोंडावर टांगलेला हाय. तर शेवटपर्यंत वाचा. पोथी वाचताना चार-चार पानं उलटता तसं करू नका.

पाडव्याला तुम्ही म्हणल्या होत्या, "सरू, ह्या वयात सायकल? लोक काय म्हणतील?" आता कळलंय लोक काय म्हणतात. लोक म्हणतात, आमच्या घरी या.

सायकल आमच्या मयूरची, ते तुम्हाला माहीत हाय. त्यानं आणली, चार दिवस चालवली, पाचव्या दिवसापासून सूनबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. एकवीस गेर हायेत तिला. मी एकच वापरते, बाकीचे वीस विश्रांती घेतात. शाळेत असताना मास्तरांची सायकल हाफ पायडल शिकले होते, ती विद्या सातवीतल्या कवितांपेक्षा जास्त टिकली. फाल्गुन सरताना एका सकाळी टॉवेल काढला, पदर खोचला, मयूरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं (अंबाड्यामुळं ते जरा वर राहतं, कोंबडीच्या तुऱ्यासारखं) आणि निघाले.

तवापासून रोज साडेपाचला निघते. मखमलाबाद सोडलं की मातोरीकडं, आणि तिथून पाटाच्या कडेचा मातीचा रस्ता. सध्या बागांची खरडछाटणी झालीय, द्राक्षाच्या नुसत्या काड्या तारेवर टांगलेल्या दिसतात. कांदा साठवणीच्या चाळीत चाललाय, त्याचा वास अर्धा मैल आधी भेटायला येतो. बहावा असा फुललाय की झाडाला कोणी हळद लावलीय. मी सावकाश जाते. इतकी सावकाश की परवा एका म्हशीनं मला ओव्हरटेक केलं आणि वळून बघितलं. शहरातले डॉक्टर-वकील चिकट चड्ड्या घालून सूं सूं जातात. त्यातल्या एकानं विचारलं, "काकू, ॲव्हरेज काय पडतं?" मी म्हणलं, एका चहात बारा किलोमीटर.

तुम्हाला वाटंल म्हातारीला काय भेटतं ह्याच्यात. सांगते. तुमच्या भावाच्या स्कूटरवर मी सत्तावीस वर्षं बसले. एका अंगानं. म्हणजे हा सगळा नाशिक जिल्हा मी डाव्या बाजूनं बघितलाय. उजवीकडं काय असतं ते मला माहीतच नव्हतं, आणि समोर बघावं तर तुमच्या भावाचा शर्ट. (शर्ट चांगले होते, तुम्हीच दिवाळीला द्यायच्या, त्याबद्दल तक्रार नाय.) ते जाऊन सहा वर्षं झाली. आता उजवी बाजू बघते. विशेष काय नाय तिकडं, तशीच झाडं तसेच बांध, पण माझ्यासाठी नवे हायेत.

तर पहिल्याच आठवड्यात पदर सुटला आणि चेनमध्ये गेला. सायकल थांबली, मी थांबले, आणि पदरानं बांधलेल्या शेळीसारखी उभी राहिले, वाकताही येईना आणि सरळही होता येईना. समोर भागीबाईचा मळा. ती ओट्यावरून ओरडली, "नाना, बघा हो, बाई अडकली!" नाना म्हणजे तिचे धाकले दीर. साठीचे असतील. बायको जाऊन चार वर्षं झालेली. ते डेअरीला दूध घालून सायकलवरच येत होते. दुसरा कोणी असता तर कात्री मागितली असती. हे खाली बसले आणि पायडल उलटं फिरवत एकेक दोरा सोडवत राहिले. पाऊण तास. साडी वाचली, सकाळ गेली. उठताना म्हणाले, "मागच्यात हवा कमी हाय."

मंग तिथं थांबायची सवय लागली. भागीबाई ताक देते. जिरं भाजून घालते, तुमच्यासारखं नुसतं पाणी नाय. नाना दूध घालून परत यायची वेळ आणि माझी निघायची वेळ एकच पडते (मी काय घड्याळ लावून बसत नाय), म्हणून पुलापर्यंत ते मागून सायकलवर येतात, त्यांचा हिरव्या चाऱ्याचा तुकडा तिकडं हाय. मागूनच येतात. मी एकदा म्हणलं, व्हा पुढं, मी रखडते. म्हणाले, "घाई नाय." वन्सं, तुमच्या माहेरच्या आणि माझ्या माहेरच्या सगळ्या पुरुषांत हे दोन शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकले नाय.

आता मूळ भानगड. वीस दिवसांमागं पाटाला पाणी सुटलं होतं. ओट्यावर बसून मी पाणी बघतेय, भागीबाई शेंगा फोडतेय. मधीच म्हणली,

"ताई, एक विचारू? राग नाय ना यायचा?"

"विचारा की."

"तुम्हाला पाटाचं कसं वाटतं?"

"पाटाचं? अहो, जीव हाय माझा पाटावर. आधी का नाय सुचलं असं वाटतं. सहा वर्षं उगाच घरात बसून घालवली."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ह्या वयात?"

"ह्याच वयात. तरुणपणी कुठं वेळ होता?"

"आन घरचे?"

"पोराला पुरतं सांगितलेलं नाय. नणंदेचा विरोध हाय. पण तिच्या मताला किती धरून बसायचं?"

"म्हणजे तुमची हरकत नाय म्हणायची."

"पाटाला? माझी कसली हरकत!"

वन्सं, विधवा बाईनं दुसरं घर केलं की आपल्यात त्याला पाट लावला म्हणायचे, हे मला माहीत नव्हतं असं नाय. माझी आजी त्याच शब्दानं दुसऱ्यांच्या घरची कुलंगडी सांगायची. पण तो शब्द कानावर पडून मला चाळीस वर्षं झाली. आता लोक पुनर्विवाह म्हणतात, पत्रिका छापतात, वर गणपती घालतात. आणि समोर धडधडीत पाणी वाहणारा पाट असल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरा पाट कशाला येईल? तुमच्या आला असता. तुमचं डोकं त्या बाजूला आधी चालतं.

पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, "मंग पाटाची बोलणी कोणाशी करायची?" मला वाटलं पाटबंधारेवाले रस्ता बंद करतायत. म्हणलं, बोलणीच करायची तर आमच्या वन्संशी करा, पिंपळगावला असतात, त्यांच्यापुढं मोठमोठे साहेब गार पडलेत. तिनं पत्ता लिहून घेतला. किती जण येऊ म्हणली. मी म्हणलं, जीप भरून या! दोन-चार माणसांनी वजन पडत नाय, आणि पाटाचा प्रश्न काय एकट्यादुकट्याचा हाय का? भागीबाई माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं माझ्या हुशारीकडं बघतेय.

काल निघताना ती म्हणली, रविवारी आंब्याची पेटी घेऊन जीप निघंल, आणि ब्लाऊजचं माप मागितलं. मी दिलं. (कोणी काय मागितलं की द्यायचं, ही सवय मला तुमच्याच घरी लागली.) पुलाच्या पुढं गेल्यावर विचार आला, पाटबंधारे खात्याला माझ्या ब्लाऊजचं माप कशाला लागतंय? आणि मातोरीच्या चढावर डोक्यात उजेड पडला. सायकल आपोआप उभी राहिली. चढावर ब्रेक दाबायला लागत नाय, हे मला काल कळलं.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं परत जाऊन सांगायचं. गेले की. ऊन डोक्यावर घेऊन गेले. भागीबाई कुरडया घालत होती. मी तोंड उघडणार तर तीच म्हणली, "ताई, नानांनी परवा सायकलीला नवी घंटी बसवली. चार वर्षांत त्या माणसानं स्वतःसाठी आणलेली पहिली वस्तू. इथं रस्त्यात आडवं कोणी येत नाय, तरी वाजवतात." मंग उघडलेलं तोंड मी ताक मागायला वापरलं.

तर आता तुमचं काम. नाय म्हणा. मला परत कोणाच्या चहाच्या वेळा सांभाळायच्या नाय. छप्पन वर्षांत पहिल्यांदा असं झालंय की मी उंबरा ओलांडते आणि मागून "कुठं चालली?" येत नाय. ते मला पुरवून पुरवून खायचंय. पण वन्सं, पाटाचा रस्ता त्यांच्या मळ्यातून जातो. दीड मैल सावली हाय, करंज, जांभूळ, चिंच, वैशाखात सुद्धा गार. दुसरीकडनं जायचं तर हायवेच्या ट्रकांमधून. तुम्ही त्यांचा अपमान केला तर तो रस्ता माझ्यासाठी संपला, आणि ताकही. तुम्ही आजवर एकेका वाक्यात किती जमलेली लग्नं मोडली ते आख्ख्या निफाड तालुक्याला माहीत हाय. धाकट्या चुलत्यांच्या पोरीला बघायला आलेल्या लोकांना तुम्ही नुसतं "बसा" म्हणल्या होत्या आणि ते उठून गेले. तो हात ह्या वेळी आवरा. हे एक असं मोडा की तुटल्याचा आवाज येता कामा नाय. चहा द्या, पोहे द्या, आंबे ठेवून घ्या, माझे दोन दुर्गुण सांगा. दोनच. पूर्ण यादी काढू नका, त्यांना परत जायचंय.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, घरातल्या लहानांना जो काय आशीर्वाद उरला असंल तो.

तुमची एकुलती एक, हाताबाहेर गेलेली भावजय,
सरिता

ता. क. मयूरला ह्यातलं अक्षर कळू देऊ नका. तो रागावणार नाय, पण सायकलीला कुलूप घालंल आणि म्हणंल, आई, तुझ्या काळजीनं घातलं.

ता. क. दुसरा. नाना जीपमध्ये बसायचे नाय, गाडीत त्यांना मळमळतं. पण जीप आल्यावर दोन-तीन तासांनी कोणी माणूस घामाघूम होऊन सायकलवर तुमच्या दारात आला, तर त्याला उन्हात उभा करू नका. आत घ्या, पंख्याखाली बसवा, गुळाचा खडा द्या. आणि तोवर नाय म्हणून टाकलं नसंल तर थांबा जरा. मला एक मिस कॉल द्या. मी निघते, सावकाश आले तरी जेवायच्या वेळेला पोचते.

ता. क. तिसरा. वर 'नाय म्हणा' लिहिलंय ते शाईनं लिहिलंय. तुम्ही ते पेन्सिलीनं लिहिल्यासारखं वाचा.