माझ्याबद्दलचं इतिवृत्त, माझ्याच हाताने

शनि., ६ डिसें.
आज सभेत माझाच विषय. दहावी तोंडावर आली म्हणून तीन शुक्रवार शेतीचा तास मी परस्पर बीजगणिताला घेतला. कोणाला विचारलं नाही. लातूरच्या क्लासात अकरा वर्षं काढली, तिथे कोणाला विचारायची सवय कुठे होती!
इथे मुख्याध्यापकच नाही. शिक्षक, मुलं, स्वयंपाकाच्या गयाबाई, सगळे गोल करून बसतात. एकाने जरी नको म्हटलं तरी ठराव अडतो. आणि ज्याचा विषय त्यानेच इतिवृत्त लिहायचं, तोंड उघडायचं नाही. भलता नियम.
दहावीची महानंदा उठली. "सर, गणित थोडंफार समजायलंय, पण आमची मेथी वाळली. इचारलं असतं तर आम्हीच सकाळी सातला आलो असतो." तिचं वाक्य लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. रागाने, दुसरं काय.
ठराव असा : सरांना पुढच्या वर्षी ठेवायचं का? येत्या शनिवारी ठरणार.

सोम., ८ डिसें.
सुलोचनाताईंना निलंग्याच्या स्टँडवर गाठलं. शाळा त्यांनीच काढलेली. म्हटलं, माझ्यासाठी एक शब्द टाका. हसल्या. "माझी पाळी आली की बोलेन. खरं तेच बोलेन."
गेल्या साली पोरांनी भर सभेत त्यांना सांगितलं, ताई, तुमचं विज्ञान कळत नाही. बाईंनी तो विषय सोडला. आता मागच्या ओळीत बसून पोरींबरोबर शिकतात. मी असतो तर आदळआपट केली असती. माझ्यावर रागावल्या असतील, पण बाई मोठी आहे.

गुरु., ११ डिसें.
काल पोरांना विचारलं, आणि आज सकाळी सातला पोरं खरंच हजर! तीन शुक्रवारांत जे डोक्यात शिरलं नाही ते आज शिरलं. दुपारी मेथी पुन्हा पेरली. मला वाफा करता येईना, महानंदाने हातातून खुरपं घेऊन दाखवलं. फार बरं वाटलं. इथेच राहायचंय मला.

शनि., १३ डिसें.
ताई म्हणाल्या, "शिकवतात उत्तम. ऐकत नव्हते, आता थोडं ऐकतात." लिहिलं. एकेक करून सगळे हो म्हणाले. राहिल्या गयाबाई.
"सर लई हुशार हायत. पण दीड साल झालं माझ्या हातचं जेवायलेत. एकदा बी म्हनले न्हाईत, गयाबाई, कसं चाललंय. मी आज हाव म्हननार न्हाई."
लाज वाटली. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ताई हळूच म्हणाल्या, "लिहा, सर." लिहिलं : गयाबाईंची संमती नाही. ठराव महिनाभर पुढे.
सभा उठल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. विचारायचं होतं, मनापासून. पण आज विचारलं तर ते मतासाठीच वाटणार. आणि थोडं होतंही.
त्यांनी भाकरी थापता थापता वर पाहिलं. "काय पाह्यजे, सर?"
म्हटलं, पाणी.