न मळायची कणीक

मी, चित्रा विश्वनाथ पाठराबे, वय शहात्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मूळची वर्ध्याची, राहणार लंडन, प्रांत ऑन्टारियो, देश कॅनडा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणूनच सगळे मागे लागले होते. मी सांगते आहे आणि माझा वकील परीक्षित टाईप करतो आहे. परीक्षितचे नाक मी तो लहान असताना इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुसलेले आहे, त्यामुळे तो मला फार अडवत नाही. मृत्युपत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. भाषांतर त्याने करावे आणि त्यात माझा राग पातळ करू नये.

गेल्या महिन्यात केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. हे नवे मुख्यतः एकाच गोष्टीसाठी आहे: माझ्यामागे माझ्या घराच्या तळघरातून डोरीनला कोणी बाहेर काढू नये. बाकीची कलमे रीत म्हणून आहेत, ती आधी उरकून घेते.

कलम एक. बँकेत जे निघेल ते मुलगा चिराग आणि मुलगी उत्कर्षा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडू नये. भांडण्याइतके ते नाही.

कलम दोन. बर्फ ओढायचे फावडे चिरागला. ते गराजच्या दारामागे असते; त्याने बऱ्याच वर्षांत पाहिले नसल्याने जागा लिहिली. सोन्याच्या पाटल्या उत्कर्षाला. तिने बर्नाबीहून माझ्या वाढदिवसाला पाठवलेला एअर फ्रायरही तिलाच परत, खोक्यासकट. तिच्याकडच्या तसल्याच फ्रायरमध्ये तिने बॅनक, म्हणजे कलम चारमधली भाकर, करून मला फोटो पाठवला होता. "आई, सो हेल्दी! तुपाचा थेंब नाही!" फोटोत जे होते त्याला मी बॅनक म्हणत नाही.

कलम तीन. हॅमिल्टनच्या माझ्या जाऊबाई कादंबरी यांना काहीही मिळणार नाही. कारण त्यांना ठाऊक आहे. इतरांना कलम सहामध्ये कळेल.

कलम चार. बिडाचा तवा नात जाई हिला, म्हणजे चिरागच्या मुलीला. यात तिच्या गुणांपेक्षा अवगुणांचा भाग जास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते.

बॅनक म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, मीठ, चरबी आणि पाणी यांची जाड भाकर, तव्यात किंवा निखाऱ्यावर भाजलेली. डोरीन अनिशिनाबे आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, मॅनिटूलिन बेटावरची. ती आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायची. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात ती टॉवेलात गुंडाळून गरम बॅनक घेऊन आली. विश्वनाथांनी तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाले, "अगं, हा तर रोडगा! याला वांग्याची भाजी पाहिजे." आणि वांगी आणायला गाडी काढली. त्यात डुकराची चरबी होती हे आम्हाला नंतर कळले. विश्वनाथ म्हणाले, "आता पोटात गेलं ते गेलं." पुढच्या रविवारपासून डोरीन आमचे साजूक तूप घालू लागली. तिचे म्हणणे, तुपाने घराला सिनेमा थिएटरातल्या लोणी घातलेल्या पॉपकॉर्नसारखा वास येतो. तेव्हापासून रविवारी आमच्याकडे बॅनक आणि वांग्याची भाजी. डोरीन मात्र त्याला जॅम लावायची आणि विश्वनाथ कपाळाला हात लावायचे.

मीही करायला शिकले. शिकले म्हणजे काय, कणीक मळली. वर्ध्याच्या बाईच्या हाती पीठ आले की ती मळणारच. मळते, तुपाचा हात लावते, झाकून ठेवते, पुन्हा मळते. माझा बॅनक दर वेळी दगड व्हायचा. विश्वनाथ तो वरणात बुडवून खायचे, डोरीन चहात बुडवून खायची, आणि दोघेही छान म्हणायचे. अशी किती वर्षे गेली कोण जाणे. मग जाई, तेव्हा जेमतेम बालवाडीतली, एकदा म्हणाली, "आजी, व्हाय इज युअर्स अ हॉकी पक?" म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली टणक रबरी चकती. डोरीन हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, "चित्रा, हे पीठ मळायचं नसतं. जेमतेम गोळा झालं की हात काढायचा."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"यू लुक्ड सो हॅपी पंचिंग इट."

हा राग माझा अजून गेलेला नाही. एवढे होऊनही माझे हात ऐकत नाहीत. जाईचे ऐकतात, कारण ती आळशी आहे. एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने पीठ कालवते, कंटाळते आणि सोडून देते. तिचा बॅनक भुसभुशीत होतो. म्हणून तवा तिला. तिने तो साबणाने घासू नये.

कृती कुठेही लिहिलेली नाही. चिरागने एकदा डोरीनच्या परातीखाली वजनकाटा सरकवला होता. "आंटी, जस्ट फॉर कन्सिस्टन्सी." ती रागावली नाही. तिने एवढेच सांगितले की सहाव्या वर्षी तिला सरकारने घरातून उचलून निवासी शाळेत नेले, तिथे आपली भाषा बोलायला बंदी होती, आणि परत आली तेव्हा आईची भाषा तिच्याकडे उरली नव्हती. आई बॅनक करायची आणि ही शेजारी उभी राहून बघायची. दोघींना एकमेकींशी बोलता येत नव्हते, पण तेवढे करता येत होते. चिरागने काटा उचलून कपाटात ठेवला. माझा मुलगा वाईट नाही. त्याला दर वेळी उशिरा कळते, एवढेच.

कलम पाच. राहते घर चिराग आणि उत्कर्षा यांना समान हिश्श्याने, परंतु खालील अटीवर.

अट समजण्यासाठी हे ठाऊक असावे: शेजारच्या घराच्या मालकाने घर विकले आणि डोरीनला नोटीस दिली. त्या वयात ती खोल्या बघत बसने फिरत होती. मी म्हटले, माझ्या तळघरात ये. ती म्हणाली, मला कोणाची दया नको. मी म्हटले, दया कसली, तळघरात पाणी झिरपते, कोणीतरी लक्ष ठेवायला हवे. हे साफ खोटे होते. पुढच्या मार्चमध्ये खरेच पाणी झिरपले, आणि तिने दोन दिवस मला असे काही बोलून दाखवले, जणू मीच पाणी सोडले होते.

चिराग परवापर्यंत म्हणायचा, "आई, बी रिअलिस्टिक. घर विक, कॉन्डो घे. जिने नाहीत, शोव्हल करायला नको. डोरीन आंटीसाठी आपण काहीतरी बघू ना." उत्कर्षा फोनवरून त्याच्या हो ला हो करायची. 'काहीतरी बघू' म्हणजे काय हे मला कळते. ही मुले सायकल मागायची तेव्हा मीही हेच म्हणायचे.

म्हणून अट अशी: डोरीन हयात असेतोवर तळघरात राहण्याचा हक्क तिचा. वरचे स्वयंपाकघर आणि ओव्हन वापरण्याचाही. तिच्या हयातीत घर विकू नये, गहाण टाकू नये, आणि घर तापवायची भट्टी बिघडल्यास त्याच दिवशी माणूस बोलवावा, 'वीकेंडला बघतो' म्हणू नये.

कलम सहा. ही अट का, हे कोर्टाने विचारल्यास.

विश्वनाथ काही वर्षांपूर्वी जानेवारीत गेले. वादळ असे की हायवे बंद, मंडळातले कोणी घराबाहेर पडू शकत नव्हते. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत. आपले कोणीतरी बाहेरून अन्न आणते आणि पहिला घास भरवते, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. कादंबरी वादळाआधी येऊन पोहोचल्या होत्या, पण त्याही आमच्याबरोबर नुसत्या बसून होत्या. चिराग आदल्या दिवसापासून जमिनीवर बसला होता, पाणीसुद्धा घेत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या घरातून, तेव्हा ती अजून तिथेच राहायची, डोरीन आली, मांडीपर्यंत बर्फ लागलेला, छातीशी टॉवेल धरलेला. तिने बूट काढले, चिरागच्या समोर खाली बसली, बॅनक मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तोंड उघडले आणि मग तो रडला. मग तिने उत्कर्षाला भरवले, मग मला. तिला आमची रीत कोणी सांगितली नव्हती. नंतर विचारले तर म्हणाली, "आमच्याकडे असंच करतात. तुमच्याकडे काय करतात?"

आणि त्या वेळी कादंबरी मला म्हणाल्या, "त्यात चरबी आहे का विचार हं आधी," आणि ताटली दूर सरकवली. तुपाचा होता. पण नसता तरी मी खाल्ला असता.

कडू घास आणणारे आपले माणूस असावे लागते. वर्ध्याला माझे आता कोणी उरलेले नाही. त्या दिवशी बर्फातून जी आली ते माझे माहेर. हे मी तिला कधी सांगितलेले नाही, आणि परीक्षितने भाषांतर करताना हे तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये.

कलम सात. आधीचे मृत्युपत्र का फुकट गेले. परीक्षित भारतात गेला होता आणि मला धीर नव्हता, म्हणून छापील नमुना आणून मी घरीच उरकले. एक साक्षीदार आयत्या वेळी आला नाही. डोरीन वर आली होती, म्हणाली, मी करते की सही. मी म्हटले, कर. परीक्षितने परत आल्यावर ते पाहिले आणि डोके धरले. "मावशी, जिला मिळायचं तिनंच साक्षीदार म्हणून सही केली की तिचा हक्क जातो! बेसिक आहे हे!"

मी तशीच जिना उतरले. डोरीन टीव्ही बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"माझी भाची वकिलाच्या ऑफिसात आहे," ती म्हणाली. "ऑफ कोर्स आय न्यू. तुझी मुलं चांगली आहेत, चित्रा. माझ्यामुळे त्यांनी तुझ्यावर चिडू नये."

मी तिला मूर्ख म्हटले. मराठीत म्हटले, पण तिला कळले. वर येऊन चिरागला फोन लावला आणि जे काय तोंडाला येईल ते बोलले. त्याने माझे बोलून संपू दिले. मग म्हणाला, "पुट इट बॅक इन, आई. मी कुठे साइन करायचं ते सांग. उत्कर्षाला मी सांगतो."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंच नाहीस. तू ओरडत होतीस."

आहे हे असे आहे. तरीही हे लेखी असावे, कारण माणसे तोंडी फार चांगली असतात. आज सह्या होईपर्यंत डोरीनला वर येण्यास मनाई केली आहे. ती खालून तीनदा विचारून झाली आहे की पेन हवे का.

कलम आठ. परीक्षित म्हणतो, "मावशी, एक राहिलं. डोरीन आंटी तुमच्या आधी गेल्या तर?"

ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे, गुडघे गेले आहेत, साखर आहे, आणि हजारदा सांगूनही जॅम सोडत नाही. म्हणून प्रश्न रास्त आहे असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, तसे होणार नाही. तो म्हणाला, कायद्याला असं चालत नाही, काहीतरी लिहावंच लागतं. मी उठून चहा केला. चहा पिऊन झाला तरी तो कीबोर्डवर हात ठेवून बसलेलाच.

तर लिही. डोरीन माझ्या आधी गेल्यास चिरागने घर ताबडतोब विकायला काढावे, मी जिवंत असतानाच. परीक्षित म्हणतो, मावशी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं, हे यात लिहिता येत नाही. लिही म्हणते ना. कॉन्डो चिराग म्हणेल तो, उत्कर्षा म्हणेल त्या मजल्यावर, मी चकार शब्द काढणार नाही. ती खाली नसलेल्या या घरात मला एक दिवसही राहायचे नाही.

सही: चित्रा विश्वनाथ पाठराबे

वरील सही श्रीमती पाठराबे यांनी आम्हा दोघांच्या देखत केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या देखत खाली सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळणार नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावले.

साक्षीदार १: अरविंद मोहरील
साक्षीदार २: श्रावणी मोहरील

स्थळ: लंडन, ऑन्टारियो
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार